सील आणि सेल्की : उत्तर अटलांटिक बेटांवरील एका शब्दाचा इतिहास

मराठी वाचकाला ‘सील’ या शब्दाने प्रथम आठवण होते ती लाखेच्या मोहरेची. कचेरीतील लखोटे सीलबंद होतात, गोदामांना सील ठोकले जाते. याच नावाचा एक सागरी सस्तन प्राणी आहे, ही माहिती पुस्तकी होय. इंग्रजीतही हे दोन शब्द केवळ उच्चारसाम्याने एक झालेले आहेत. मोहरेचा ‘सील’ हा लॅटिन ‘सिगिलुम’पासून फ्रेंचमार्गे आलेला, तर प्राण्याचा ‘सील’ हा जर्मानिक कुळातील पुरातन शब्द आहे. कोकणच्या किनाऱ्यावर हा प्राणी वावरत नसल्यामुळे त्याला नाव देण्याचा प्रसंग मराठीवर आला नाही, आणि एकच उसना शब्द दोन्ही कामे निभावून नेत आहे. परंतु ज्या लोकांनी हजारो वर्षे या प्राण्याच्या शेजारी घरे बांधली, त्याच्या चरबीवर दिवे लावले आणि त्याच्या कातड्याचे जोडे घातले, त्यांच्या भाषेत त्याच्या नावाचा इतिहास निराळा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड या द्वीपसमूहांच्या बोलीत सीलला ‘सेल्की’ म्हणतात. आजच्या इंग्रजी कोशांत व कथापुस्तकांत मात्र ‘सील’ म्हणजे प्राणी आणि ‘सेल्की’ म्हणजे कातडे उतरवून मनुष्यरूप घेणारी अद्भुत व्यक्ती, अशी वाटणी झालेली दिसते. मूळ बोलीत ही वाटणी नाही. खडकावर ऊन खात पडलेला प्राणी तो सेल्की, आणि ज्याच्याविषयी रात्री शेकोटीपाशी गोष्ट सांगावयाची तोही सेल्कीच. या एका शब्दाचे दोन कसे झाले आणि त्या वाटणीत कोणता इतिहास दृष्टिआड झाला, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. प्राचीन इंग्रजीत ‘सेओल्ह’, प्राचीन नॉर्समध्ये ‘सेल्र’, प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘सेलाह’ अशी रूपे सापडतात. अंत्य घर्षक इंग्रजीत लोपला, स्कॉट्समध्ये तो ‘सेल्ख’ या रूपात टिकला, आणि त्याच शब्दाला लघुत्ववाचक व लाडिक ‘-ई’ प्रत्यय लागून ‘सेल्की’ हे रूप सिद्ध झाले. इसवी सन ७३१ मध्ये आपला धर्मेतिहास पूर्ण करणाऱ्या बीडने ससेक्समधील सेल्सी या स्थलनामाचा अर्थ ‘समुद्रवासराचे बेट’ असा दिला आहे. बीड लॅटिन लिहीत होता, म्हणून त्याने वासरू आणले. इंग्रजी नावात वासरू नाही. ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. लॅटिनमध्ये सील हा ‘समुद्राचा वासरू’, वेल्शमधील ‘मोर्लो’चा अर्थ तोच, डच व जर्मन भाषांत तो ‘समुद्राचा कुत्रा’, आणि १७९१ मध्ये फाब्रिसियसने करड्या सीलला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘बाकदार नाकाचे समुद्री डुक्कर’ असा होतो. शेतकऱ्याने व पंडिताने त्याला आपल्या गोठ्यातील एखाद्या जनावराचे नाव दिले. बेटांवरील गेलिक ‘रोन’ आणि नॉर्स ‘सेल्र’ ही नावे अशी उसनी नाहीत. ती त्याची स्वतःची नावे आहेत.

या प्राण्याविषयी वाटणाऱ्या ओढीला निसर्गाचाच मोठा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. सीलचे डोळे मोठे, काळेभोर आणि बरेचसे समोर वळलेले असतात. डोळ्यांतील पाणी नाकात उतरविणारी नलिका त्याला नसते. त्यामुळे तो खडकावर असताना अश्रू गालांवरून ओघळत राहतात. परासारख्या दिसणाऱ्या त्याच्या हातापायांच्या आत पाच बोटांची हाडे आहेत, आणि कातडे सोलणाऱ्या माणसाला ती दिसत असत. करड्या सीलच्या माद्या जमावाने खडकावर पडल्या असता दीर्घ, चढउताराचा, कण्हण्यासारखा स्वर काढतात. वाऱ्यावर दुरून आलेला तो स्वर गाण्यासारखा भासतो. होडी दिसली की हा प्राणी पळत नाही, उभ्या अंगाने मान वर काढून पाहत राहतो. तेराव्या शतकातील आइसलंडच्या ‘लाक्सडाल’ सागात एका जहाजाभोवती पोहणाऱ्या प्रचंड सीलचे वर्णन आहे. त्याचे डोळे माणसाचे आहेत असे सर्वांना वाटले, एवढेच सागाकार सांगतो. आणि लवकरच ते जहाज बुडते.

तथापि केवळ रूपसाम्याने दंतकथा निर्माण होत नाही. साम्य वानरातही आहे. ऑर्कनीतील सँडे बेटाचा रहिवासी वॉल्टर ट्रेल डेनिसन (१८२५–१८९४) याने आपल्या बेटांवरील समजुती स्वतः ऐकून लिहून ठेवल्या, आणि त्याच्या नोंदींत भाषाभ्यासकाला विशेष मोलाचा असा एक तपशील सापडतो. सर्वच सील मनुष्यरूप घेऊ शकतात अशी बेटकऱ्यांची समजूत नव्हती. लहान आकाराचा साधा सील म्हणजे ‘टँग-फिश’, किनाऱ्यालगतच्या समुद्रशेवाळातला. त्याच्याजवळ ही शक्ती नाही. ती आहे मोठ्या जातींपाशी, म्हणजे प्रामुख्याने करड्या सीलपाशी. त्याला शेटलंडमध्ये ‘हाफ-फिश’, खुल्या समुद्रातला, असे म्हणत. आइसलंडच्या भाषेतही हीच जोडी आहे : साधा सील तो ‘लांदसेलुर’, भूमीकडचा, करडा सील तो ‘ऊतसेलुर’, बाहेरचा. म्हणजे बेटकऱ्यांच्या भाषेत भेद होता, परंतु तो ‘खरा प्राणी’ व ‘कल्पित प्राणी’ असा नव्हता. प्राणिशास्त्र आज ज्या दोन जाती मानते, त्याच दोन जातींमधला तो भेद होता.

या दोन जातींच्या जीवनक्रमात एक लक्षणीय अंतर आहे. साध्या सीलचे पिल्लू उन्हाळ्यात जन्मते आणि काही तासांतच आईबरोबर पोहू लागते. ब्रिटिश बेटांवरील करड्या सीलची मादी शरद ऋतूत जमिनीवर येऊन प्रसवते. तिचे पिल्लू पांढऱ्या लोकरीसारख्या केसांचे असते व या काळात ते पाण्यात सहसा उतरत नाही. सुमारे अडीच आठवडे मादी अन्न न घेता त्याला अत्यंत स्निग्ध दूध पाजते, त्यात आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा गमावते, आणि एके दिवशी त्याला तेथेच टाकून समुद्रात निघून जाते. पिल्लू जन्मवस्त्र झाडून टाकते, उपाशी पडून राहते, आणि पुढे आपल्या वाटेने पाण्यात जाते. किनाऱ्यावर मूल ठेवून समुद्रात परतणारी आई आणि अंगावरून उतरणारे वस्त्र, हे कथेतील दोन्ही घटक येथे दृष्टीसमोर आहेत. डेनिसनने स्वतः भेदाचे कारण आकार एवढेच दिले आहे. परंतु ज्या जातीत आई मूल टाकून जाते तीच जात कथेत यावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण वाटते.

माणूस व सील यांच्या या शेजाराचा पुरावा फार मागे जातो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील ओरन्से या चिमुकल्या बेटावर मध्याश्मयुगाच्या अखेरीचे, म्हणजे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे, शिंपल्यांचे उकिरडे आहेत. पॉल मेलर्स यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात तेथे करड्या सीलची हाडे विपुल मिळाली, आणि क्नॉक कॉइग या स्थळी मानवी हातांची काही हाडे सीलच्या पराच्या हाडांच्या निकट सान्निध्यात आढळली. यावरून सेल्कीची कथा अश्मयुगीन ठरविण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. तो आवरणे बरे. हाडे कथा सांगत नाहीत. एवढे मात्र म्हणता येते की सील खाणाऱ्या माणसांनीच त्याच्या पराशेजारी आपला हात ठेवण्याजोगा काही संबंध पाहिला असावा.

लिखित पुरावा सातव्या शतकाच्या अखेरीस येतो. अ‍ॅडम्नान याने लिहिलेल्या संत कोलम्बाच्या चरित्रात एर्क नावाच्या चोराची हकीकत आहे. आयोनाच्या मठाच्या मालकीच्या एका लहान बेटावर सील वीत असत. ते मारून होडीभर नेण्यासाठी हा मनुष्य रात्री येऊन वाळूत लपला. संताने त्याला पकडवून आणले, खडसावले, आणि गरज असेल तर मागावयास यावे असे सांगून मेंढे मारून त्यांचे मांस दिले. ग्रंथात सीलांना मठाच्या ‘हक्काचे’ म्हटले आहे. येथे अद्भुत काही नाही; प्रश्न मालकीचा आहे. सील कोणाचा, आणि तो कोणी मारावा?

हजार वर्षांनंतर हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरील गेलिकभाषक लेखकाने १७०३ मध्ये पश्चिम बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. नॉर्थ यूइस्टच्या पश्चिमेस कूस्मिल नावाचा खडक आहे. तेथे दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे नेमक्या वीणीच्या हंगामात, सीलची शिकार होई. शिकारी मोठमोठे सोटे घेऊन उतरत आणि समुद्राकडे जाण्याची वाट अडवून प्राण्यांना डोक्यावर हाणत. एका खेपेस लहानमोठे ३२० सील मारले गेल्याचे मार्टिनला सांगण्यात आले होते. वाटणीचे नियम ठरलेले होते. जमीनदाराच्या कारभाऱ्याला एक, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला एक. आणि परगण्याच्या धर्मोपदेशकाला पिल्लांतून पाहिजे ते निवडण्याचा हक्क होता. त्या पिल्लाला ‘मेरीचे पिल्लू’ अशा अर्थाचे गेलिक नाव होते. धर्मोपदेशक प्रॉटेस्टंट झाला तरी नाव जुन्या पंथाचेच राहिले. आपल्याकडील बलुतेदारीच्या हक्कांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

मार्टिनच्या वर्णनातील आणखी एक उल्लेख शब्दांच्या दृष्टीने विलक्षण आहे. सीलचे मांस हे गरिबांचे अन्न समजले जाई. प्रतिष्ठित लोकही ते खात, पण निराळ्या नावाखाली. ते त्याला ‘हॅम’ म्हणत. दक्षिणेकडील कॅथलिक लोक उपवासाच्या चाळीस दिवसांत तेच मांस मासा समजून खात. एकाच प्राण्याला कोणी डुकराच्या मांसाचे, तर कोणी माशाचे नाव दिले, आणि दोघांचेही जेवण निर्वेध झाले. जो प्राणी माणसासारखा रडतो त्याला खाण्यापूर्वी त्याचे नाव बदलून घ्यावे लागते.

या शिकारीशी लोककथेचा संबंध किती जवळचा आहे, हे सॅम्युअल हिबर्टने १८२२ मध्ये शेटलंडविषयीच्या आपल्या ग्रंथात दिलेल्या कथेवरून स्पष्ट होते. पापा स्टूर बेटाजवळ व्हे स्केरीज नावाचे खडक आहेत. शिकारी तेथे गेले, सीलांना सोट्यांनी बेशुद्ध पाडून त्यांची कातडी व चरबी सोलून घेतली आणि धडे तशीच टाकली. समुद्र खवळला, सर्वजण घाईने होडीत चढले, एक मात्र मागे राहिला. शिकारी गेल्यावर इतर सील खडकावर आले आणि सोललेल्यांना सावध करू लागले. ते शुद्धीवर येऊन विलाप करू लागले : कातड्यावाचून त्यांना समुद्रातील आपल्या घरी परतता येईना. त्यांत ओलाव्हिटिनस नावाचा एक तरुण होता. त्याची आई ग्योगा हिने मागे राहिलेल्या शिकाऱ्याशी करार केला : तिने त्याला पाठीवरून पापा स्टूरला पोहोचवावे, त्याने तिच्या मुलाचे कातडे परत आणून द्यावे. लाटांत पाठीवरून घसरू नये म्हणून त्या मनुष्याने तिच्याच खांद्यांच्या व कुशींच्या कातड्यात हातपाय अडकविण्यासाठी भोके पाडू देण्याची विनंती केली, आणि मुलासाठी तिने तेही मान्य केले. त्याने शब्द पाळला.

कथेच्या सौंदर्यात ही भोके बसत नाहीत, म्हणूनच अलीकडच्या संग्रहांत ही कथा क्वचित भेटते. परंतु कथेचा जीव तेथेच आहे. कातडे हा येथे जादूचा पोशाख नाही. तो बाजारात किंमत येणारा माल आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने जी मिळकत, तीच सीलच्या दृष्टीने घरी जाण्याची वाट. कातडे सोलल्यावरही समुद्राशी जोडलेले राहते, ही कल्पना तशी फार जुनी आहे. ओहोटी लागली की सोललेल्या कातड्यावरचे केस उभे राहतात असा समज पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने नोंदवून ठेवला आहे. बेटांवरील कथेने या समजाला नैतिक वळण दिले.

आता सर्वांत प्रसिद्ध अशा सील-पत्नीच्या कथेकडे वळता येईल. नॉर्वेजियन अभ्यासक राइदार क्रिस्तियान्सेन यांनी १९५८ मध्ये स्थलांतर करणाऱ्या दंतकथांची जी सूची केली, तीत या कथेला ४०८० हा क्रमांक आहे. आइसलंडमधील पाठ योन आर्नासोनच्या १८६२–६४ च्या संग्रहात आहे. एक माणूस पहाटे समुद्रकाठच्या गुहेबाहेर पडलेल्या कातड्यांतून एक उचलून नेतो व पेटीत कुलूपबंद करतो. गुहेपाशी रडत बसलेली निर्वस्त्र स्त्री त्याच्यामागे येते, त्याची पत्नी होते, त्याला मुले होतात. पेटीची किल्ली तो नेहमी जवळ बाळगतो. एके दिवशी ती घरी विसरतो, आणि परत येतो तेव्हा पेटी उघडी असते. सात मुले समुद्रात व सात जमिनीवर, अशा पेचात ती सापडलेली आहे. डेनिसनच्या ऑर्कनी पाठात कातडे घराच्या वळचणीत दडविलेले असते, आणि त्याचा ठावठिकाणा आईला सांगते ती घरात मागे राहिलेली धाकटी मुलगी.

भारतीय वाचकाला येथे उर्वशी व पुरूरवा यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि तौलनिक कथाशास्त्रानेही ही गाठ घातलेली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील संवादसूक्त आणि शतपथ ब्राह्मणातील आख्यान यांतही दुसऱ्या जगातली स्त्री काही काळ माणसाजवळ राहते व निघून जाते. शतपथात ती जलपक्ष्याच्या रूपाने सरोवरात पोहत असते. परंतु भेदही तेवढाच महत्त्वाचा आहे. उर्वशी अट घालून स्वेच्छेने राहते व अट मोडताच जाते. सील-पत्नीच्या कथेत अट नाही, संमतीही नाही. आरंभीच चोरी आहे. म्हणून तिचे जाणे ही नवऱ्याला झालेली शिक्षा नव्हे. आपली वस्तू सापडताच ती जाते, इतकेच. या कथेला प्रेमकथा म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती मूळ पाठांच्या साक्षीने टिकत नाही.

फेरो बेटांतील कथा याहून कठोर आहे. काल्सोय बेटावरील मिक्लादालूर गावच्या शेतकऱ्याची सील-पत्नी याच रीतीने निघून जाते. पुढे गावकरी गुहेतील सीलांच्या शिकारीस निघतात, तेव्हा आदल्या रात्री ती स्वप्नात येऊन विनविते : गुहेच्या तोंडाशी असलेला मोठा नर तिचा नवरा आहे, आत खोलवर असलेली दोन पिल्ले तिची मुले आहेत, त्यांना मारू नये. तो ऐकत नाही. शिकारीची वाटणी होते आणि नराचे डोके व पिल्लांचे हातपाय त्याच्याच वाट्याला येतात. जेवणाच्या वेळी ती भीषण रूपाने घरात शिरते, ताटातील अन्न ओळखते आणि शाप देते : या गावचे पुरुष समुद्रात बुडतील, कड्यांवरून कोसळतील, आणि मेलेल्यांनी हातात हात धरून सबंध काल्सोय बेटाला वेढा घालण्याइतकी त्यांची संख्या होईपर्यंत हे थांबणार नाही. समुद्राने व कड्यांनी खरोखरच माणसे नेणारे हे गाव होते. आपली माणसे का मरतात, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आपण कोणाला खातो या प्रश्नाशी जोडलेले आहे.

हे नाते काही कुळांनी आपल्या नावातच वागविले. नॉर्थ यूइस्टचे मॅककॉड्रम हे ‘सीलांचे मॅककॉड्रम’ म्हणून ओळखले जात. सील म्हणजे लॉखलानच्या, अर्थात नॉर्वेच्या, राजाची शापित मुले, अशी गेलिक समजूत होती. गेलिक कवी इयन मॅककॉड्रम (१६९३–१७७९) याच कुळातला. वार्षिक शिकारीच्या दिवसांत या कुळातील एका वृद्धेला असह्य वेदना होत, अशीही आख्यायिका आहे. ती शिकार त्याच बेटालगतच्या खडकांवर चाले, हे ध्यानात घेतले म्हणजे आख्यायिकेचे गांभीर्य कळते. आयर्लंडच्या पश्चिमेस कॉनेमारात कनीली कुळाविषयी हीच गोष्ट सांगत. रॉडरिक ओफ्लॅहर्टीच्या जुन्या ग्रंथाची आवृत्ती १८४६ मध्ये काढताना जेम्स हार्डिमनने टिपेत लिहिले की या कुळाचे पूर्वज सील झाले होते, म्हणून कोणाही कनीलीने सील मारला तर त्याचे अनिष्ट होते. आणि या कारणाने कित्येकांनी आपले आडनाव बदलून कॉनॉली केले. पुढे याकडे कुलचिन्हपूजेचे अवशेष म्हणून पाहण्यात आले. तो वाद बाजूस ठेवला, तरी आडनाव बदलणे व मांसाला ‘हॅम’ म्हणणे या दोन कृतींतील साम्य नजरेआड करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथांचा बुद्धिवादी उलगडा करण्याचा प्रयत्न झाला. जेम्स वॉलेस (१६९३) व जॉन ब्रँड (१७०१) या ऑर्कनीविषयी लिहिणाऱ्या धर्मोपदेशकांनी आपल्या किनाऱ्यांजवळ कातड्याच्या लहान होड्यांतून येणाऱ्या ‘फिनमेन’ लोकांचे उल्लेख केले आहेत. शेटलंडच्या कथांत ‘फिन’ लोक सीलचे कातडे पांघरून पोहतात. यावरून डेव्हिड मॅकरिची याने १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की सेल्की म्हणजे सीलच्या कातड्याच्या होडीत कमरेपर्यंत बसलेले खरे परकी लोक होत : होडीतून बाहेर पडला की ‘कातडे उतरविलेला’ माणूस दिसतो. कल्पना चतुर आहे, आणि आर्क्टिकमधील एखादी होडी तिकडे पोहोचली असणे अशक्यही नाही. परंतु हा सिद्धांत एका शब्दाचा अर्थ हिरावून घेऊन दुसऱ्याला देतो. ज्यांनी हजारो सील स्वहस्ते सोलले, त्यांना सील व होडी यांतला फरक कळत नव्हता असे मानल्याखेरीज तो उभा राहत नाही. कातडीच्या वंशपरंपरागत विकारांवरून सेल्कीच्या वंशजांचे ‘स्पष्टीकरण’ देणारेही याच वाटेने जातात.

शब्दाची वाटणी खरोखर केव्हा सुरू झाली, हे सूल स्केरीच्या सेल्कीविषयीच्या बॅलडच्या प्रवासावरून कळते. कॅप्टन एफ. डब्ल्यू. एल. टॉमस याने हे गीत शेटलंडमधील एका वृद्धेकडून लिहून घेतले व १८५० च्या दशकात प्रसिद्ध केले. चाइल्डच्या संग्रहात त्याचा क्रमांक ११३ आहे. एक स्त्री मूल खेळवीत बसली आहे, बाप कोण ते तिला ठाऊक नाही. बाप प्रकट होतो. तो भूमीवर मनुष्य व समुद्रात सेल्की आहे. संगोपनाचा मोबदला म्हणून सोने देऊन तो मुलाला घेऊन जातो, आणि सांगून ठेवतो की ती एका बंदूकवाल्याशी लग्न करील व त्याच्या गोळीने बाप व मुलगा दोघेही मरतील. यात सोटा नाही, बंदूक आहे. म्हणजे या रूपात तरी हे गीत बंदूक बेटांवर आल्यानंतरचे. १९३८ मध्ये फिनलंडचे संगीतशास्त्रज्ञ ऑटो आंदेर्सोन यांनी ऑर्कनीच्या फ्लोटा बेटावर जॉन सिंक्लेअर यांच्या तोंडून त्याची पारंपरिक चाल टिपून घेतली. जगभर प्रसार झाला तो मात्र तिचा नव्हे, तर अमेरिकेत जेम्स वॉटर्स यांनी १९५४ मध्ये बांधलेल्या नव्या चालीचा. जोन बेझ हिच्या गायनातून १९६१ नंतर ही चाल ज्यांच्या कानी पडली, त्यांतील बहुसंख्यांनी सील कधी पाहिलाही नव्हता. ‘सेल्की’ हा शब्द त्यांना गीतातूनच भेटला. त्यांच्यापाशी प्राण्यासाठी ‘सील’ हा शब्द आधीच होता. साहजिकच नव्या शब्दाकडे केवळ अद्भुत तेवढे उरले. १९९४ च्या ‘रोन इनिश’ व २०१४ च्या ‘साँग ऑफ द सी’ या चित्रपटांनी ही वाटणी दृढ केली. त्यांत सेल्की आहे, पण सोललेले धड नाही.

याच काळात दुसरा अर्धा शब्द कायद्याच्या भाषेत गेला. नॉर्थ यूइस्टजवळच्या हॅस्कियर बेटावरील कत्तलीमुळे चळवळ होऊन ब्रिटिश संसदेने १९१४ मध्ये करड्या सीलच्या संरक्षणाचा कायदा केला व १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात शिकारीस बंदी घातली. त्या वेळी केवळ ५०० करडे सील उरले आहेत असे सांगितले जाई. पुढे तो आकडा फारच कमी ठरला. १९३२ मध्ये बंदीची मुदत वाढली आणि १९७० मध्ये नवा कायदा आला. सीलांची संख्या जसजशी वाढली, तसतशी मच्छीमारांची तक्रारही वाढली. १९७८ मध्ये ऑर्कनीत नॉर्वेजियन बंदूकधारी आणून काही हजार सील मारण्याची सरकारी योजना निघाली. ग्रीनपीसच्या जहाजाने अडवणूक केली, देशभर निषेध झाला आणि योजना मागे घ्यावी लागली. या वादात दोन्ही पक्षांची भाषा मोठी बोधक आहे. एका पक्षापाशी टनावारी माशांचे हिशेब होते, दुसऱ्यापाशी पांढऱ्या पिल्लाचे डोळे. जो प्राणी मारावा लागतो आणि जो आप्तही आहे, त्याच्याविषयी एकाच शब्दात बोलण्याची सोय दोघांपैकी कोणाकडेही नव्हती. डेव्हिड टॉमसन याने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द पीपल ऑफ द सी’ या पुस्तकात आयर्लंड व स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरील ज्या वृद्धांची बोलणी टिपली आहेत, त्यांना ती सोय होती. त्यांच्या बोलण्यात तेलाचा भाव, मारलेल्या सीलचे रडणे आणि समुद्रातले नातेवाईक हे एकाच बैठकीत, आवाज न बदलता येतात.

आज ब्रिटिश बेटांभोवती करड्या सीलची संख्या दीड लाखाच्या घरात असून ती जगातील एकूण संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक आहे. मत्स्यपालन केंद्रांच्या रक्षणासाठी सील मारण्याचे परवाने देण्याची तरतूद स्कॉटलंडने २०२१ मध्ये रद्द केली. फेरोच्या टपाल खात्याने २००७ मध्ये मिक्लादालूरच्या कथेवर तिकिटे काढली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी त्या गावच्या किनाऱ्यावरील खडकावर हान्स पाउली ओल्सेन यांनी घडविलेली सील-पत्नीची धातूची मूर्ती उभी करण्यात आली. हातात उतरविलेले कातडे धरून ती गावाच्या काठाशी उभी आहे. ऑर्कनीच्या बोलीत मात्र खडकावर पडलेल्या प्राण्याला अजूनही ‘सेल्की’ असेच म्हणतात.